तान्ह्या बाळाचा एचआयव्ही : वेळेवर चाचणी, तीन औषधे आणि घरातील वडीलधारे

सन २०११ च्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. देवळाली प्रवरा येथील माझ्या दवाखान्यात एक आजी चार महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाच्या जिभेवर आणि टाळ्यावर पांढरा थर साचला होता, जुलाब थांबत नव्हते आणि वजन जेमतेम साडेतीन किलो भरले. “डॉक्टर, पोरगं दूधच ओढत नाही. दोन घोट घेतं अन् रडतं,” आजी म्हणाल्या. मी तोंडात लावायचे औषध दिले, मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे ते समजावले आणि त्यांना घरी पाठवले. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी खोकला आणि धाप होती. मी प्रतिजैविक दिले. तिसऱ्या खेपेस बाळाची अवस्था पाहून मी त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले. तेथे आधी आईची आणि मग बाळाची एचआयव्हीची चाचणी झाली. बाळाचा अहवाल हाती येऊन औषधे सुरू होण्यापूर्वीच न्यूमोनियाने ते बाळ दगावले.

काही महिन्यांनी आजी स्वतःच्या गुडघेदुखीसाठी आल्या, तेव्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्याच्या बापाचं दुखणं मला ठाऊक होतं, डॉक्टर. सांगायची लाज वाटली.” बाळाचा बाप आदल्याच वर्षी गेला होता. बाळंतपणासाठी सून अगदी शेवटच्या दिवसांत गावी आली होती आणि गरोदरपणात तिची नोंदणी कोठेच झाली नव्हती. आजींनी सांगितले नाही हे खरे. परंतु मीही विचारले नव्हते. तान्ह्या बाळाच्या तोंडातील बुरशी पुनःपुन्हा उलटते, वजन वाढत नाही, जुलाब हटत नाहीत, तेव्हा आईच्या चाचणीविषयी विचारणे हे माझे कर्तव्य होते. त्या काळी बाळांची चाचणीही मोफत होती आणि औषधेही मोफत होती. औषध कमी पडले नव्हते. आम्ही दोघे कमी पडलो होतो.

हा लेख मी मुद्दाम वडीलधाऱ्यांसाठी लिहीत आहे. आपल्या भागात नातवंडांचे खाणेपिणे, औषधपाणी आणि दवाखान्याच्या फेऱ्या बहुधा आजी-आजोबांच्याच हाती असतात. एचआयव्हीने आई-बापांपैकी एक किंवा दोघेही हिरावून नेले, त्या घरांत तर सारा भार त्यांच्यावरच येऊन पडला. अशा बाळाचे प्राण वाचविणारी औषधे आज उपलब्ध आहेत. मात्र ती वेळेवर सुरू होणे आणि रोज न चुकता पोटात जाणे, हे घरातील कर्त्या माणसावर अवलंबून असते.

संसर्ग बाळापर्यंत कसा पोहोचतो

आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण तीन टप्प्यांवर होऊ शकते : गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. कोणताही उपाय न केल्यास अशा मातांच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईने गरोदरपणातच एचआयव्हीविरोधी औषधे सुरू करून ती नियमित घेतली आणि बाळालाही जन्मतः प्रतिबंधक औषध दिले, तर हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. म्हणूनच भारतात २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीला आयुष्यभराचा मोफत उपचार देण्याचे धोरण आहे. घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतच तिची नाव-नोंदणी आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

दुधाविषयी एक गोष्ट आजींनी विशेष ध्यानात ठेवावी. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि आईने आपली औषधे चालू ठेवावीत, असा आपल्याकडील सर्वसाधारण सल्ला आहे. वरचे दूध द्यायचे ठरले, तर केवळ वरचेच द्यावे. दोन्हींची सरमिसळ अधिक धोक्याची असते. दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासांत असे दिसून आले, की निव्वळ आईच्या दुधावरील बाळांपेक्षा आईच्या दुधासोबत इतर पदार्थ दिलेल्या बाळांना लागण होण्याचे प्रमाण जास्त असते. वरच्या पदार्थांनी कोवळ्या आतड्याचे अस्तर दुखावले जाते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे एक कारण मानले जाते. तेव्हा मायेपोटी चाटवलेला मध, उगाळलेली बाळघुटी किंवा ग्राइप वॉटर हे सारे या बाळांच्या बाबतीत कटाक्षाने टाळावे.

बाळाची चाचणी मोठ्यांसारखी नसते

मोठ्या माणसांची नेहमीची एचआयव्ही चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि तेथे सुमारे १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे निरोगी बाळाचीही ही चाचणी सकारात्मक येऊ शकते आणि घरात विनाकारण आकांत होतो. तान्ह्या बाळासाठी म्हणूनच प्रत्यक्ष विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब खास कागदावर घेतात, ते वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवितात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही सोय २०१० पासून सुरू झाली.

पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात होते, म्हणजे बाळाला पहिल्या पेंटाव्हॅलंट लसीसाठी नेतो त्याच सुमारास. ती नकारात्मक आली तरी काम संपत नाही. बाळ अंगावर पीत असेतो धोका शिल्लक असतो. त्यामुळे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा चाचणी, दूध सोडल्यानंतर काही आठवड्यांनी आणखी एक आणि अठराव्या महिन्यात अंतिम निदान, असा क्रम पाळावा लागतो. सहाव्या आठवड्यापासून कोट्रायमॉक्झॅझोल नावाचे औषधही सुरू करतात. माझ्या दवाखान्यात आलेल्या त्या बाळाला ज्या तऱ्हेचा न्यूमोनिया झाला, त्यापासून हे साधे आणि स्वस्त औषध बऱ्याच अंशी संरक्षण देते.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. जन्मतः दिलेले नेव्हिरॅपिनचे पातळ औषध सहा, तर काही बाळांना बारा आठवडे देतात. ते संपले की “बाळाचा कोर्स पूर्ण झाला” असे घरचे समजतात. ते औषध लागण टाळण्यासाठी असते. लागण झाली आहे की नाही, हे चाचणीच सांगते. आणि झाली असेल तर खरा उपचार त्यानंतर सुरू होतो.

आठवडे का मोजायचे

मोठ्या माणसाच्या शरीरात एचआयव्ही शिरला तरी त्याला अनेक वर्षे फारसा त्रास होत नाही. बाळाचे तसे नसते. त्याची रोगप्रतिकारशक्ती अजून घडत असते आणि विषाणू तिच्यावर आरंभीच घाला घालतो. उपचार न मिळाल्यास बाधित बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसापूर्वी, तर निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात.

पूर्वी डॉक्टर बाळ आजारी पडेपर्यंत किंवा त्याच्या सीडी-फोर पेशी घटेपर्यंत थांबत असत. औषधे आयुष्यभराची आणि त्यांचे दुष्परिणामही आहेत, मग लवकर सुरू करून लाभ काय, असा विचार त्यामागे होता. या प्रश्नाचे निर्णायक उत्तर दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो आणि केप टाउन येथे झालेल्या अभ्यासाने दिले. सहा ते बारा आठवड्यांच्या, वरकरणी ठीक दिसणाऱ्या ३७७ बाधित बाळांचे दोन गट केले होते. एका गटाला लगेच एकत्रित औषधे दिली, दुसऱ्याला जुन्या पद्धतीने लक्षणे दिसल्यावर दिली. लगेच औषधे मिळालेल्या २५२ बाळांपैकी १० दगावली. थांबलेल्या १२५ बाळांपैकी २० दगावली. म्हणजे शंभरात चार आणि शंभरात सोळा. हा फरक इतका ठळक होता, की देखरेख समितीने अभ्यास ठरल्याप्रमाणे पुढे न नेता थांबलेल्या बाळांनाही उपचारासाठी तपासण्यास सांगितले. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालील प्रत्येक बाधित बाळाला लगेच उपचार देण्याची शिफारस केली.

म्हणून “बाळ तर हसतंय-खेळतंय, औषध कशाला?” हा प्रश्न मनात आला, तर हे आकडे आठवावेत. हसत-खेळत असतानाच औषध सुरू करायचे असते. पहिला अहवाल सकारात्मक आला की खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात. त्या निमित्ताने घरी बसून राहू नये. एआरटी केंद्रात त्याच आठवड्यात जावे.

एकाऐवजी तीन औषधे का

आपला परिसर साखर कारखान्यांचा, म्हणून तोच दाखला देतो. ऊस गव्हाणीत पडतो, त्याचे गाळप होते, रस आटवला जातो आणि शेवटी साखर तयार होते. एचआयव्हीदेखील आपल्या पेशीत शिरून तिचा असाच कारखाना करतो. आधी तो आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल तयार करतो, मग ती नक्कल पेशीच्या गाभ्यात घुसवतो आणि त्यानंतर पेशी नवनवे विषाणू बाहेर टाकू लागते. अबॅकॅविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधे नक्कल करण्याचे काम अडवतात. डोल्युटेग्रॅविर हे तिसरे औषध ती नक्कल गाभ्यात घुसू देत नाही. सध्या लहान बाळांसाठी मुख्यतः ही तीन औषधे एकत्र वापरतात.

एका औषधाने भागत नाही, कारण नक्कल करताना हा विषाणू सतत चुका करतो. त्यांतील एखादी चूक त्याला एका औषधापासून निसटण्याची युक्ती देऊन जाते. तीनही औषधांपासून एकाच वेळी निसटणे मात्र त्याला जवळजवळ अशक्य होते.

हा धडा देणाऱ्या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय येथे, तसेच इथिओपिया व युगांडा येथे, बाळांना जन्मतः नेव्हिरॅपिनची एकच मात्रा देणे आणि ते सहा आठवडे देणे यांची तुलना झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवडे औषध मिळालेल्या बाळांत तोवरची लागण जवळपास निम्म्याने कमी होती. परंतु बाळे अंगावर पीत राहिली आणि सहाव्या महिन्यापर्यंत हा फरक बराच ओसरला. शिवाय औषध घेऊनही ज्यांना लागण झाली, त्यांपैकी अनेकांचा विषाणू नेव्हिरॅपिनला दाद देईनासा झाल्याचे आढळले. एकटे औषध काही काळ पहारा देऊ शकते. घरात शिरलेल्या विषाणूशी लढण्यास ते अपुरे पडते.

आजींच्या हाती आलेली सोपी गोळी

मोठ्यांसाठीची मोफत औषधे आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक. मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे करून मुलांना देण्याची वेळ येई आणि मात्रा कमी-जास्त होई.

पुढे नेव्हिरॅपिनपेक्षा लहान मुलांत लोपिनॅविर-रिटोनॅविर हे औषध अधिक परिणामकारक ठरले. हे दाखवून देणाऱ्या संशोधनात आफ्रिकेतील देशांबरोबर भारतही सहभागी होता. परंतु त्याचे पातळ औषध अतिशय कडू, त्यात मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आणि ते थंड जागी ठेवावे लागे. ज्या घरात फ्रीज नाही आणि बाळ तोंडातले औषध फुर्रकन उडवते, तेथे आजींची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना करावी. आता डोल्युटेग्रॅविरची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी आली आहे. चार आठवड्यांच्या आणि किमान तीन किलो वजनाच्या बाळालाही ती देता येते.

ही औषधे देताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

• औषधाची वेळ रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाशी जोडावी. उदाहरणार्थ, सायंकाळी देवापुढे दिवा लावला की औषध. मोबाइलचा गजर सोबतीला असावा. दिल्यावर दिनदर्शिकेवर खूण करावी, म्हणजे दोनदा दिले जाणार नाही आणि चुकणारही नाही.

• विरघळणारी गोळी केंद्राने सांगितलेल्या थोड्या स्वच्छ पाण्यात विरघळवून अर्ध्या तासाच्या आत पाजावी. वाटी-चमचा पुन्हा थोड्या पाण्याने विसळून तेही पाजावे. बाटलीभर दुधात औषध मिसळू नये. बाळाने दूध अर्धवट टाकले की औषधही वाया जाते.

• औषध दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर सामान्यतः ती मात्रा पुन्हा द्यावी लागते. आपल्या बाळासाठी काय करायचे, ते केंद्रात आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे.

• मात्रा वजनावर ठरते. बाळ वाढले की मात्रा वाढते. म्हणून प्रत्येक भेटीत वजन झालेच पाहिजे. जुन्या मात्रेवर बाळ महिनोन्‌महिने राहिले, तर औषध अपुरे पडते आणि विषाणू निसटण्यास वाव मिळतो.

• लोह आणि कॅल्शियमची टॉनिके डोल्युटेग्रॅविरचे शोषण कमी करू शकतात. तसेच क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिन या औषधाबरोबर त्याची मात्रा बदलावी लागते. बाळाला इतर कोणतेही औषध सुरू होत असेल, तर त्या डॉक्टरांना एआरटीची वही दाखवावी.

• पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा श्वासाचा त्रास एकत्र दिसू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये आणि बंद केलेले आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नये.

• लग्नकार्य, यात्रा किंवा ऊसतोडीचे स्थलांतर असेल, तर तेवढ्या दिवसांची औषधे आधीच मागून घ्यावीत. शेवटची गोळी संपण्याची वाट पाहू नये.

बरे झाले म्हणून थांबवता येते का

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर अवघ्या ३० तासांत तीन औषधे सुरू झाली. सुमारे दीड वर्षाचे असताना त्याचे उपचार खंडित झाले. तरीही पुढे विषाणू सापडेना. मार्च २०१३ मध्ये ही बातमी जगभर गाजली आणि बाळ बरे झाले असे अनेकांना वाटले. परंतु औषधाविना २७ महिने राहिल्यानंतर, जुलै २०१४ मध्ये, विषाणू परतल्याचे जाहीर झाले. तो पेशींच्या आत निपचित दडून बसला होता. अतिशय लवकर उपचार मिळालेल्या मुलांवर संशोधन अजून सुरू आहे आणि त्यातून आशा वाढते आहे. मात्र असे प्रयोग कडक देखरेखीखालीच केले जातात. आपल्या घरी औषध थांबवणे म्हणजे दडलेल्या विषाणूला दार उघडून देणे होय. औषधाने विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली ठेवला, की बाळाचे वजन वाढते, ते चालू-बोलू लागते, शाळेत जाते. रोज एक मात्रा, ही त्यासाठी मोजावी लागणारी किंमत आहे.

मुलाला सांगायचे कधी

अनेक आजी-आजोबा मुलाला सांगतात, की ही “ताकदीची गोळी” आहे. लहानपणी ते चालून जाते. सहा-सात वर्षांपासून मात्र त्याला झेपेल तेवढे खरे सांगण्यास आरंभ करावा : तुझ्या रक्तात एक जंतू आहे, ही गोळी त्याला झोपवून ठेवते, गोळी चुकली की तो जागा होतो. नाव नंतर, समुपदेशकांच्या मदतीने सांगावे. तारुण्याच्या उंबरठ्यावर शाळेतून किंवा शेजाऱ्याकडून कळले, तर मूल आधी औषधावर आणि मग आपल्यावर रुसते.

लोक काय म्हणतील, ही भीती खोटी नाही. पण ताटात जेवल्याने, कुशीत घेतल्याने, मुका घेतल्याने किंवा एकत्र खेळल्याने एचआयव्ही पसरत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार एचआयव्हीमुळे शाळेत वा रुग्णालयात भेदभाव करण्यास आणि संमतीविना कोणाची स्थिती उघड करण्यास मनाई आहे. आपल्या जिल्ह्यात १९८९ मध्ये नगर येथे सुरू झालेल्या ‘स्नेहालय’ने आणि पंढरपूरच्या ‘पालवी’ने अशी कितीतरी मुले वाढवली आहेत. शंका असल्यास १०९७ या मोफत राष्ट्रीय मदतवाहिनीवर नाव न सांगताही विचारता येते.

त्या पावसाळ्यानंतर माझ्या तपासणीत एक बदल झाला. वजन न वाढणाऱ्या प्रत्येक बाळाच्या घरच्यांना मी आईच्या चाचणीविषयी विचारतो. काही जण रागावतात, काही गप्प बसतात. मी थोडे थांबतो आणि पुन्हा विचारतो. वाचकांपैकी कोणी आपल्या घरातील असे काही मनात दडवून ठेवले असेल, तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे : डॉक्टरांच्या खोलीचे दार लोटून घ्या आणि बाळाला सहा आठवडे पूर्ण होण्याच्या आत ते सांगून टाका.